लहान ऑफिससाठी फायरवॉल: आधी तपासणी किती करायची ते ठरवा, मग बॉक्स

प्रश्न थोडक्यात असा: पंचवीस माणसांचं ऑफिस. ३०० एमबीपीएसची फायबर लाइन, शिवाय १०० एमबीपीएसची दुसरी. आठ जण घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित जोडणीने, काम करतात. ऑफिसात हिशेबाचा एक सर्व्हर, काही कॅमेरे, दोन प्रिंटर, आयपी फोन आणि पाहुण्यांसाठी वायफाय. आजवर सगळं इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरवर चालत आलं. आता फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यामध्ये बसून ट्रॅफिक अडवणारा-सोडणारा बॉक्स, घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा?

कंपनी आणि मॉडेल ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. त्याआधी एक निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे, विक्रेत्याला नाही: फायरवॉलने एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) वेब ट्रॅफिक, उलगडून आत पाहायचं का? बॉक्स केवढा लागेल, लायसन्स कोणतं लागेल आणि दर आठवड्याला किती लक्ष घालावं लागेल, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

वेबवरचं जवळपास सगळं ट्रॅफिक आज एन्क्रिप्टेड असतं. ते न उलगडता फायरवॉलला दिसतं ते एवढंच: कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर, किती डेटा गेला, डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) काय विचारलं आणि टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) सुरुवातीच्या संदेशातलं साइटचं नाव. डाउनलोड होणाऱ्या फाइलमध्ये काय आहे ते दिसत नाही. म्हणजे 'गेटवे अँटिव्हायरस'चं लायसन्स घेऊन टीएलएस तपासणी बंद ठेवली, तर तो अँटिव्हायरस बहुतेक फाइली पाहतच नाही. लहान ऑफिसांमध्ये हे सर्रास घडतं. डॅशबोर्डवर हिरवी खूण दिसते आणि सगळे निश्चिंत राहतात.

मग तपासणी सुरू का करू नये? कारण ती एका बटणाची गोष्ट नाही. फायरवॉल प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने नव्याने बनवून देतो, त्यामुळे त्याचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक संगणकावर बसवावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप वापरकर्त्याने बसवलेलं सर्टिफिकेट मानत नाहीत, म्हणून फोनवर हे जवळपास चालत नाही. ज्या प्रोग्रामांनी आपलं सर्टिफिकेट आतच पक्कं केलेलं असतं ते थेट बंद पडतात, आणि संदेश मात्र 'नेटवर्क एरर' असा मोघम येतो. बँका आणि आरोग्यविषयक साइट वगळायच्या असतात. ब्राउझर क्विक या नव्या प्रोटोकॉलने, नेहमीच्या टीसीपीऐवजी यूडीपीच्या पोर्ट ४४३ वर जातात, तिथे बरेच बॉक्स तपासणी करू शकत नाहीत. मग यूडीपी ४४३ अडवून ब्राउझरला टीसीपीवर यायला लावावं लागतं. पहिले काही आठवडे रोज कोणीतरी वगळण्याची यादी सुधारत बसतं. आणि ज्यांचं ट्रॅफिक उलगडलं जाणार आहे त्या माणसांना ते आधी सांगायला हवं.

माझं स्पष्ट मत: पूर्णवेळ आयटी माणूस नसलेल्या पंचवीस जणांच्या ऑफिसने सरसकट टीएलएस तपासणीच्या मागे लागू नये. तो खर्च आणि वेळ संगणकांवरच्या चांगल्या एंडपॉइंट संरक्षणावर (प्रत्येक संगणकावरचा अँटिव्हायरससारखा प्रोग्राम) आणि डीएनएस फिल्टरिंगवर (धोकादायक साइटचे पत्तेच न देणं) घालावा. फायरवॉलकडून नेटवर्कचे भाग पाडणं, व्हीपीएन, बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर नियंत्रण आणि नोंदी ही कामं घ्यावीत. ग्राहकाशी केलेल्या करारात किंवा नियमात तपासणी बंधनकारक असेल, तर फक्त ऑफिसच्या ताब्यातल्या संगणकांपुरती करावी. पाहुणे आणि खासगी फोन त्यातून बाहेर.

डेटाशीटवरचे आकडे

निर्णय झाला की आकड्यांचा अर्थ लागतो. फोर्टिगेट ४०एफ या छोट्या बॉक्सचं उदाहरण घ्या. डेटाशीटवर फायरवॉल थ्रूपुट, म्हणजे नुसते नियम लावून ट्रॅफिक जाण्याचा वेग, ५ जीबीपीएस आहे. आयपीएस (हल्ल्याच्या खुणा ओळखून अडवणं) सुरू असताना १ जीबीपीएस, एनजीएफडब्ल्यू म्हणजे अ‍ॅप्लिकेशन ओळख जोडल्यावर ८०० एमबीपीएस, थ्रेट प्रोटेक्शन, म्हणजे त्यात व्हायरस तपासणीही, ६०० एमबीपीएस आणि एसएसएल तपासणी (टीएलएस तपासणीचंच जुनं नाव) ३१० एमबीपीएस. बॉक्स एकच, आणि पहिल्या व शेवटच्या आकड्यात सोळापट फरक. पहिला आकडा मोठ्या यूडीपी पॅकेटवर मोजलेला असतो आणि ते काम खास चिप करते. तपासणी सुरू झाली की काम प्रोसेसरवर येतं. इतर कंपन्यांच्या डेटाशीटही अशाच असतात, फक्त ओळींची नावं वेगळी. एक पथ्य पाळा: दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्हीकडची तीच ओळ घ्या. एकाचं 'फायरवॉल थ्रूपुट' आणि दुसऱ्याचं 'थ्रेट प्रोटेक्शन' शेजारी ठेवणारी तुलना पत्रकं विक्रेते सहज पाठवतात.

तुमच्या दोन्ही लाइन एकाच वेळी भरल्या तर ४०० एमबीपीएस. तुम्ही ज्या पद्धतीने बॉक्स चालवणार आहात, त्या ओळीतला आकडा याच्या दीडपट ते दुप्पट हवा, म्हणजे ६०० ते ८००. दीडपट कशासाठी? डेटाशीटची चाचणी स्वच्छ वातावरणात होते. प्रत्यक्षात नोंदी लिहिल्या जातात, सिग्नेचर (हल्ल्यांच्या ओळखखुणा) अपडेट होतात, लहान पॅकेट जास्त असतात, आणि लाइनचा वेग बॉक्सच्या आयुष्यात एकदा तरी वाढतोच. फार पुढचा विचार करून चौपट घेण्यात अर्थ नाही.

'कॉन्करंट सेशन्स' (एका वेळी चालू असलेली कनेक्शन) या आकड्याला भुलू नका. पंचवीस माणसं, प्रत्येकी तीन उपकरणं आणि प्रत्येक उपकरणाची दोनशे सेशन्स धरली, तरी पंधरा हजार होतात. ४०एफची मर्यादा सात लाख आहे. तुमच्या आकाराच्या ऑफिसात बॉक्स अडतो तो प्रोसेसर आणि मेमरीवर.

मेमरीकडे खरोखर लक्ष द्या, कारण ती डेटाशीटवर बहुतेक वेळा छापलेलीच नसते. फोर्टिगेटच्या २ जीबी रॅमच्या मॉडेलवर फोर्टिओएस (फोर्टिगेटचं फर्मवेअर) ७.४.४ पासून प्रॉक्सीवर आधारलेल्या (ट्रॅफिक थांबवून पूर्ण तपासणाऱ्या) सोयी काढून टाकल्या आहेत आणि ७.६.० पासून एसएसएल व्हीपीएनही. ४०एफ आणि ६०एफ दोन्ही २ जीबीचेच आहेत. बॉक्स चार-पाच वर्षं वापरायचा असेल आणि तपासणीही करायची असेल, तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका.

आणखी एक आकडा बहुतेक जण विसरतात: आतल्या आतला वेग. हिशेबाचा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच केबलींवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) ठेवायचा, हे बरोबरच आहे. पण मग संगणक ते सर्व्हर हे सगळं ट्रॅफिक फायरवॉलमधून जाणार. आजवर स्विचवर एक जीबीपीएसने धावणारी फाइल आयपीएस लावलेल्या नियमातून गेली की निम्म्या वेगावर येऊ शकते, आणि रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही. त्यामुळे बॅकअपचं उपकरण सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा, किंवा त्या दोन पत्त्यांमधल्या नेमक्या पोर्टसाठी तपासणीविना वेगळा नियम करा.

व्हीपीएन

आठ जणांसाठी प्रत्येकी २० एमबीपीएस धरले तर १६०. कुठलाही चालू काळातला बॉक्स आयपीसेकवर (व्हीपीएनचा एक प्रचलित प्रोटोकॉल) एवढं सहज देतो. खरी मर्यादा तुमच्या लाइनचा अपलोड आहे, कारण घरून काम करणाऱ्याचं डाउनलोड म्हणजे ऑफिसचं अपलोड. ३०० ची लाइन असली आणि अपलोड ५० चा असेल, तर फायरवॉल कितीही मोठा घ्या, आठ जणांत ५०च वाटले जाणार.

प्रोटोकॉल निवडताना आयकेईव्ही२ आयपीसेक किंवा वायरगार्ड घ्या. ओपनव्हीपीएन भरवशाचं आहे, पण पारंपरिक रूपात ते एकाच कोअरवर चालतं आणि छोट्या प्रोसेसरवर लवकर दमतं. ब्राउझर-पोर्टलवाल्या एसएसएल व्हीपीएनपासून मात्र लांब राहा. गेल्या काही वर्षांत या दारातून झालेल्या घुसखोरीची यादी लांब आहे: फोर्टिगेट बनवणाऱ्या फोर्टिनेटचा सीव्हीई-२०१८-१३३७९ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक), ज्यातून व्हीपीएन वापरणाऱ्यांचे पासवर्ड बाहेर गेले, आणि पालो आल्टो कंपनीच्या ग्लोबलप्रोटेक्ट व्हीपीएनमधला सीव्हीई-२०२४-३४००, ही दोन नावं पुरेत. फोर्टिनेटने तर ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोडच काढला, म्हणून जुने मार्गदर्शक लेख वाचून त्या भरवशावर बॉक्स घेऊ नका. आयपीसेकही निर्दोष नाही. झायझेलचा सीव्हीई-२०२३-२८७७१ हा आयकेई (आयपीसेकची जोडणी ठरवणारे) पॅकेट हाताळण्यातलाच दोष होता. थोडक्यात, जो दरवाजा इंटरनेटवर उघडा आहे त्याचं फर्मवेअर वेळेवर अपडेट झालंच पाहिजे. कोणता ब्रँड घ्यावा यापेक्षा 'अपडेट कोण करणार आणि कधी' हा प्रश्न मोठा आहे. महिन्यातली एक ठरलेली वेळ आणि एक जबाबदार नाव कागदावर असू द्या. आणीबाणीच्या पॅचसाठी त्या वेळेची वाट पाहू नका. व्हीपीएनवर दुसरा घटक, म्हणजे फोनवरचा कोड किंवा सर्टिफिकेट, सक्तीचा ठेवा.

लायसन्सवाला बॉक्स की ओपन सोर्स?

फोर्टिनेट, सोफोस, वॉचगार्ड, सोनिकवॉल यांचे बॉक्स वार्षिक लायसन्सवर चालतात. घेण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. लायसन्स संपल्यावर नेमकं काय थांबतं? लायसन्स नसताना सुरक्षेचं फर्मवेअर मिळतं का? बॉक्स बिघडला तर बदली किती दिवसांत येते? आणि या मॉडेलचा आधार कोणत्या तारखेला संपतो? पहिल्या प्रश्नाची उत्तरं फार वेगवेगळी असतात. फोर्टिगेटवर रूटिंग आणि नियम चालू राहतात, सिग्नेचर जुन्या होतात, पण वेब फिल्टर लावलेला असेल तर साइटचं वर्गीकरण मिळत नाही आणि मूळ सेटिंगमध्ये साइट अडू लागतात. क्लाउडवरून चालणाऱ्या काही यंत्रणांमध्ये, उदाहरणार्थ मेराकीच्या जुन्या लायसन्स पद्धतीत, सवलतीचे दिवस संपले की ट्रॅफिकच थांबतं. चौथ्या प्रश्नाकडेही नीट पाहा: मोठी सूट बहुतेक वेळा अशाच मॉडेलवर असते ज्याची विक्री लवकरच थांबणार आहे.

तपासणी करायची नसेल तर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स (आपण निवडलेल्या हार्डवेअरवर चालणारं ओपन सोर्स फायरवॉल सॉफ्टवेअर) हा उत्तम पर्याय आहे, अट एकच, सांभाळणारा माणूस हवा. हार्डवेअर असं घ्या: एईएस-एनआय (एन्क्रिप्शन वेगाने करण्याची सोय) असलेला चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ६४ ते १२८ जीबीची एसएसडी आणि किमान चार इंटेल नेटवर्क पोर्ट. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, आणि तिथे रिअलटेकच्या चिपने भाराखाली त्रास दिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ईएमएमसी (बोर्डवर पक्की बसवलेली) साठवण असलेला बॉक्स टाळा, रोजच्या नोंदी लिहून ती झिजते. पंखा नसलेला बॉक्स बंद कपाटात स्विचवर ठेवू नका, उष्णतेने तो आपोआप वेग कमी करतो आणि दोष लाइनवर जातो. लाइन पीपीपीओईची (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहा, कारण फ्रीबीएसडीवर पारंपरिक पीपीपीओईमध्ये येणारं सगळं ट्रॅफिक एकाच कोअरवर पडतं. सुरिकाटा हा आयपीएस प्रोग्राम इनलाइन, म्हणजे ट्रॅफिकच्या वाटेतच, चालवणार असाल तर नेटवर्क कार्डावरचे ऑफलोड (कार्ड स्वतः करतं ती पॅकेटची कामं) बंद करावे लागतात. ते राहून गेलं की काही कनेक्शन मध्येच तुटतात आणि कारण सापडता सापडत नाही.

मिक्रोटिकसारखे राउटर रूटिंग, व्हीलॅन, वायरगार्ड आणि साध्या नियमांसाठी फार चांगले आहेत. अ‍ॅप्लिकेशन ओळखणं किंवा फाइल तपासणं हे त्यांचं काम नाही, तशी अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या ऑफिससाठी माझी निवड अशी. नेटवर्क समजणारा माणूस हाताशी असेल तर वरच्या मापाचा ओपीएनसेन्स बॉक्स. नसेल, बाहेरची एजन्सी सांभाळणार असेल, तर त्या एजन्सीला रोजच्या वापरातून माहीत असलेल्या कंपनीचा, थ्रेट प्रोटेक्शन ६०० ते ८०० एमबीपीएस आणि रॅम ४ जीबी असलेला बॉक्स. अनोळखी उत्तम बॉक्सपेक्षा ओळखीचा बरा बॉक्स जास्त सुरक्षित ठेवला जातो.

बसवताना जिथे चुकतं

इंटरनेट कंपनीचा राउटर ब्रिज मोडमध्ये (फक्त मोडेम म्हणून) टाकून घ्या. नाहीतर दुहेरी नॅट (आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची दोनदा अदलाबदल) होतं आणि व्हीपीएन व फोन दोन्ही त्रास देतात. फायरवॉलच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टवर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता आला, तर लाइन सामायिक नॅटमागे आहे. बाहेरून व्हीपीएन तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा लागेल. हे बॉक्स घेण्याआधीच तपासा.

आतले पत्ते १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० च्या पट्ट्यात ठेवू नका. घरोघरी राउटर तोच पट्टा वापरतात, आणि घरच्या व ऑफिसच्या पत्त्यांची टक्कर झाली की व्हीपीएन 'जोडलेलं' दिसतं पण सर्व्हर उघडत नाही. १०.३७.१०.०/२४ असा आडवळणी पट्टा घ्या.

व्हीलॅन पाच पुरतात: कर्मचारी, सर्व्हर, फोन, कॅमेरे-प्रिंटर, पाहुणे. स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) हवा आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट व्हीलॅन समजणारे हवेत. नाहीतर फायरवॉलमधली सगळी मांडणी कागदावरच राहते. कॅमेऱ्यांना इंटरनेट नको, घड्याळाची वेळ फायरवॉलकडूनच द्या. प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये गेला की संगणकांना तो आपोआप सापडत नाही, कारण शोधाचे एमडीएनएस संदेश व्हीलॅन ओलांडत नाहीत. त्याला स्थिर पत्ता द्या आणि संगणकावर त्याच पत्त्याने जोडा.

बहुतेक बॉक्स 'आतून बाहेर सगळं मोकळं' या नियमासह येतात. तो बदला. बाहेर पोर्ट २५ फक्त मेल सर्व्हर असल्यास त्यालाच, ४४५ (विंडोजचं फाइल शेअरिंग) कोणालाही नाही, डीएनएस फक्त फायरवॉलकडून. सर्व्हर व्हीलॅनला अपडेटसाठी लागेल तेवढंच बाहेर. आत येताना रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ कधीही फॉरवर्ड करू नका. पोर्ट बदलून ठेवणंही उपयोगाचं नाही, शोधणारे सगळे पोर्ट तपासतात. फायरवॉलचं व्यवस्थापन पान वॅनवर बंद आणि आतूनही एकाच व्हीलॅनमधून. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची सहावी आवृत्ती) सुरू असेल तर त्याचे नियम वेगळे पाहा. काही बॉक्सवर चौथ्या आवृत्तीचे नियम चोख असतात आणि सहाव्याचे रिकामे. पण आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे नियंत्रण संदेश) सरसकट अडवू नका, पॅकेटचा आकार ठरवण्यासाठी ते लागतं.

पीपीपीओईवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ असतो, त्यामुळे टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) १४५२ वर बांधा. हे चुकल्याची खूण ओळखता येते: पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल मध्येच अडकते.

दुसरी लाइन फेलओव्हरसाठी, म्हणजे पहिली बंद पडली की वापरायला, ठेवा. दोन्हींवर एकाच वेळी भार वाटला तर मधूनच पत्ता बदलतो आणि बँकेची साइट लॉगआउट करते. लाइन जिवंत आहे का हे गेटवेला पिंग करून ठरवू नका, कंपनीचं यंत्र उत्तर देत राहतं आणि पुढे इंटरनेट मेलेलं असतं. बाहेरचे दोन वेगवेगळे पत्ते तपासा, सलग पाच अपयशांनंतर लाइन बदला आणि परत येण्यासाठी काही मिनिटं थांबा. लाइन बदलल्यावर जुनी सेशन्स मोडण्याची सेटिंग सुरू ठेवा, नाहीतर आयपी फोन मेलेल्या लाइनवरच चिकटून राहतात. फोनसाठी एसआयपी एएलजी (फोनचे संदेश वाटेत बदलणारी फायरवॉलची सोय) बंद करा. एकतर्फी आवाजाच्या तक्रारींत आधी हेच पाहायचं.

बसवल्यावर, परतीची मुदत संपण्याआधी

सगळे नियम आणि तपासणी सुरू ठेवून मोजा. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने व्हीलॅन ते व्हीलॅन, एकदा एका प्रवाहाने आणि एकदा आठ समांतर प्रवाहांनी, दोन्ही दिशांना. त्याच वेळी बॉक्सचा प्रत्येक कोअर किती भरतो ते पाहा. सरासरी ३० टक्के दिसते तेव्हा एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. अपलोड पूर्ण भरून पिंग पाहा. १५ मिलिसेकंदांचे ३०० झाले तर एफक्यू-कोडेल रांग (पॅकेट पाठवण्याचा क्रम सांभाळणारी पद्धत) लावा आणि वेग लाइनच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा. टीएलएस तपासणी लावली असेल तर ईआयसीएआरची (अँटिव्हायरस तपासण्यासाठीची, निरुपद्रवी) चाचणी फाइल एचटीटीपीएसवरून उतरवून ती अडते का ते बघा. साध्या एचटीटीपीवर अडली याला अर्थ नाही. मुख्य लाइनची केबल काढा, फोन चालू असताना. पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हरला पिंग करा, उत्तर येता कामा नये.

नोंदी बॉक्सवरच ठेवल्या तर रीबूटमध्ये किंवा घुसखोराच्या हातून जातात. त्या सिसलॉगने आत दुसऱ्या यंत्रावर पाठवा आणि सगळ्यांची वेळ एनटीपीने जुळवा.

दोन बॉक्सची हाय अव्हेलेबिलिटी जोडी (एक बिघडला की दुसरा काम घेतो) तुमच्या आकाराला सहसा परवडत नाही. बऱ्याच कंपन्या दोन्हीकडे लायसन्स मागतात, आणि एकच स्विच व एकच वीज असेल तर जोडीचा फायदाही अर्धाच. त्याऐवजी फायरवॉल, मोडेम आणि स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या, आणि जुना राउटर मूलभूत इंटरनेटसाठी तयार करून कपाटात ठेवा. कॉन्फिगरेशनचा बॅकअप प्रत्येक बदलानंतर घ्या आणि एकदा तरी तो फॅक्टरी रीसेट केलेल्या बॉक्सवर परत चढवून पाहा. काही बॉक्सचा बॅकअप फर्मवेअरची आवृत्ती वेगळी असली की चढत नाही, म्हणून फाइलच्या नावात आवृत्ती लिहा. या फाइलमध्ये पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या असतात, तेव्हा ती एन्क्रिप्ट करून ऑफिसच्या सर्व्हरव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवा.